आधी स्थळपाहणी, मग मंजुरी
स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना निवासी शिबिरे का हवीत?

बँकेकडे एखादे कर्जप्रकरण आले की त्याचे कागद कितीही नेटके असोत, ताळेबंद कितीही सुबक असो, जबाबदार अधिकारी स्थळपाहणी केल्याशिवाय शिफारस करीत नाही. दालमिल जिथे उभी राहणार ती जागा कशी आहे, गोदामात खरोखर माल आहे का, रस्ता बारमाही आहे का, हे तो प्रत्यक्ष जाऊन पाहतो. व्यापाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. लातूरच्या मोंढ्यातील आडतदार मूठभर तूर हातावर घेऊन पाहिल्याखेरीज भाव बोलत नाही. नांदेडच्या बाजारपेठेतील पेढीवर मुलाला बसवायचे असेल, तर वडील आधी त्याला वसुलीला पाठवतात, गाडी उतरवून घ्यायला लावतात. केवळ खतावणी वाचून कोणी व्यापारी झालेला नाही, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

अशा घरातील मुलगा किंवा मुलगी जेव्हा ‘मला प्रशासकीय सेवेत जायचे आहे’ असे सांगते, तेव्हा मात्र ही सावधगिरी कुठे तरी मागे पडते. शिकवणीचे शुल्क भरले जाते, पुण्याला किंवा दिल्लीला खोली घेतली जाते, अभ्यासिकेतील एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने ठरते. पुढील पाच-सहा वर्षे त्या खुर्चीवर जातात. ज्या कामासाठी हे सारे चालले आहे ते काम कसे असते, ते आपल्याला मानवेल का, याची पाहणी कोणी करीत नाही.

गुंतवणूक मोठी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि अंतिम यादीत साधारण हजारभर नावे लागतात. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला बत्तीस वर्षे वयापर्यंत सहा वेळा परीक्षा देता येते. म्हणजे उमेदीची दहा वर्षे या व्यवहारात अडकू शकतात. पैसा पुन्हा मिळवता येतो. वयाची बावीस ते बत्तीस ही वर्षे कोणतीही बँक परत देत नाही. त्यामुळे या गुंतवणुकीलाही स्थळपाहणी हवी, आणि ती करण्याचा साधा, स्वस्त मार्ग म्हणजे मोकळ्या मैदानातले, गावात राहून केलेले चार-सात दिवसांचे निवासी शिबिर.

निवडीनंतर शासन काय करते?

ही कल्पना नवी नाही. नागरी सेवेत निवड झालेल्या उमेदवारांना मसुरीच्या लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत पायाभूत प्रशिक्षण दिले जाते. त्यात कायदा व अर्थशास्त्राची व्याख्याने असतात, तसेच हिमालयातील पदभ्रमण आणि खेड्यात राहून केलेला अभ्यासही असतो. पाठीवर सामान घेऊन चढण चढताना, थंडीत तंबूत झोपताना आणि मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबताना माणसाचा जो स्वभाव दिसतो तो उत्तरपत्रिकेत दिसत नाही, हे शासनाने अनुभवाने मान्य केले आहे. पुढे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला भारतदर्शनाचा दौरा आणि जिल्ह्यातील दीर्घ प्रशिक्षणही असते.

काही सेवांमध्ये तर मैदानाची कसोटी निवडीपूर्वीच असते. भारतीय वनसेवेच्या पुरुष उमेदवाराला चार तासांत पंचवीस किलोमीटर आणि महिला उमेदवाराला चौदा किलोमीटर चालून दाखवावे लागते. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला पन्नास गुण असतात. त्यात पुरुषांना १,६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. सैन्यदलांतील अधिकारीपदासाठीची निवड मंडळाची मुलाखत पाच दिवस चालते. उमेदवार केंद्रावरच राहतात. फळ्या, दोर आणि पिंपे देऊन एका गटाला अडथळा पार करायला सांगितले जाते. त्या वेळी कोण हुकूम सोडतो, कोण दुसऱ्याची युक्ती ऐकतो आणि कोण गुपचूप वजन उचलतो, हे परीक्षक बाजूला उभा राहून टिपत असतो. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती याच तयारीसाठी. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

निवासी मैदानी शिक्षणामागचा विचार जगात एका व्यापाऱ्याच्या मदतीने रुजला, ही गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवली जात होती. त्या वेळी जीवरक्षक होड्यांमध्ये धडधाकट तरुण खलाशी हाय खात आणि वयस्क खलाशी तग धरत, असे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या ध्यानात आले. तरुणांकडे ताकद होती, पण संकटाची सवय नव्हती. होल्ट यांनी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना आधार दिला आणि १९४१ मध्ये वेल्समधील समुद्रकाठच्या ॲबरडोव्ही या गावी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. आज ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन, सैन्य अशा सेवांसाठी तयारी करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वर्षात मैदानी निवासी सहल सर्रास असते.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी समुद्र किंवा हिमालय गाठण्याची गरज नाही. सार्वजनिक सेवेचे सर्वांत कठीण धडे त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात आहेत.

लातूरचा धडा : किल्लारी आणि पाणी

लातूर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसे दगावली. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी घरेच त्यांच्यावर कोसळली. प्रवीण परदेशी तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी होते. त्यांच्या प्रशासनापुढे मृतांचे अंत्यसंस्कार, जखमींवर उपचार, पावसात उघड्यावर पडलेल्यांना निवारा आणि मदतीसाठी धावलेल्या हजारो लोकांची व्यवस्था, अशी सारी कामे एकाच वेळी उभी राहिली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, ही घटना अनेक वाचकांना आठवत असेल.

आपत्ती व्यवस्थापन हा विषय विद्यार्थी टिपणांतून पाठ करतो. किल्लारी परिसरात पाच दिवस राहिला, तर त्याला टिपणात नसलेले प्रश्न भेटतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. हे न्याय्य होते का? ज्याचे घर मोठे होते त्याची हानी मोठी, म्हणून त्याला मोठे घर द्यावे, की संकटात सर्वांची गरज सारखी मानावी? नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तिच्यातील कल्पित प्रसंगांपेक्षा हा प्रसंग अधिक बोलका आहे, कारण उत्तर चुकले तर त्याचे परिणाम भोगलेली माणसे समोर ओट्यावर बसलेली असतात.

नव्या गावांचे सरळ, रुंद रस्ते नकाशावर देखणे दिसतात. तिथे चालून पाहिले की जुन्या गावाच्या मानाने घरे किती लांब-लांब गेली, शेताची वाट कशी वाढली, शेजार कसा विरळ झाला, हे पायांना कळते. ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करून भक्कम करायची होती, तिथे ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच स्त्रिया नेमल्या गेल्या. शासनाची योजना घराघरांत समजावून सांगण्याचे आणि घरातील अडचण शासनापर्यंत नेण्याचे काम त्यांनी केले. अशा एखाद्या आजींशी तासभर बोलणे हे प्रशासनाचे उत्तम व्याख्यान ठरते. अट एवढीच की ऐकणाऱ्याने ऐकायला जावे. दुःखाची प्रदर्शनी पाहायला जाणाऱ्यांचे, फोटो काढून परतणाऱ्यांचे तिथे काम नाही.

पाण्याचेही तेच. मांजरा धरण आटल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. ‘लातूर पॅटर्न’ने साऱ्या राज्याला अभ्यासाची शिस्त दाखवली. त्याच शहरातील विद्यार्थ्याने मांजरेच्या काठी दोन दिवस राहून ऊस, विंधन विहिरी, टँकर आणि नगराची तहान यांचे गणित समजून घेतले, तर ती त्या शिस्तीचीच पुढची पायरी ठरेल.

नांदेडचा धडा : किनवटचे जंगल

नांदेड जिल्ह्याचा उत्तर-पूर्व भाग, म्हणजे किनवट आणि माहूर, हे अगदी वेगळे जग आहे. नांदेडहून रेल्वेने किनवटला जाता येते. पैनगंगेचे खोरे, सागाचे जंगल, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि गोंड, कोलाम, आंध समाजांच्या वस्त्या. गोंडी आणि तेलुगू इथल्या बाजारात सहज कानावर पडते. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे.

विद्यार्थ्याने १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा कलमांसह पाठ केलेला असतो. पण वनहक्काचा दावा करणाऱ्या माणसाला कोणते पुरावे जमवावे लागतात, ग्रामसभेचा ठराव कसा लिहिला जातो, दावा फेटाळला गेला तर अपील कुठे करायचे हे त्याला कसे कळते, आणि त्याची भाषा अधिकाऱ्याला येत नसेल तर मध्ये कोण बोलतो, याचे उत्तर वस्तीवर मुक्काम केल्याशिवाय मिळत नाही. पहाटे उठून हातपंपावर रांगेत उभे राहिलेला विद्यार्थी पाणीपुरवठ्यावरचे उत्तर निराळे लिहितो. त्याच्या शब्दांत तेव्हा वजन येते.

परतीच्या वाटेवर नांदेडजवळचा गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प, किंवा एखादा दिवस वाढवून कंधारचा किल्ला आणि राष्ट्रकूटकाळाशी नाते सांगणारा जगत्तुंग तलाव पाहता येतो. हजार वर्षांपूर्वीचे राज्यकर्ते पाणी अडवीत होते आणि आजचेही अडवतात. मध्ये काय बदलले आणि काय तसेच राहिले, यावर संध्याकाळी चर्चा घडवावी.

शिबिर कसे असावे?

यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना बहुतेक महाविद्यालयांत आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे लातूर आणि नांदेड दोन्हीकडे, ती चालते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष निवासी शिबिर हा तिचा गाभा आहे. साधन हाताशी आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी उद्‌घाटन, भाषणे, थोडे झाडू मारणे आणि समारोप एवढ्यावर ते उरकले जाते, आणि पालकही ‘अभ्यासाचे दिवस वाया जातात’ म्हणून मुलांना त्यातून सोडवून घेतात. हे सात दिवस नीट आखले तर तीच खरी स्थळपाहणी ठरेल.

आखणीची काही सूत्रे सांगता येतील. चोवीस विद्यार्थी, सहा-सहांचे चार गट. रोज एका गटाकडे स्वयंपाक, एकाकडे पाणी व स्वच्छता, एकाकडे गावातील भेटी, एकाकडे हिशेब आणि सुरक्षा. गटप्रमुख रोज बदलावा. पहाटे धावणे किंवा चालणे, दिवसा गावातील काम व भेटी, दुपारी कवायत किंवा गटाने करायची मैदानी कामे, संध्याकाळी दिवसाचा आढावा. मोबाइल दिवसातून एकदाच, घरी बोलण्यापुरता.

हिशेब ही व्यापारी घरातील मुलांना सोपी वाटणारी बाब, पण तिथेच कस लागतो. शिबिराची सारी रक्कम विद्यार्थ्यांकडे सोपवावी. रोज रात्री कीर्द पुरी झाल्याशिवाय, पावत्या लावून शिल्लक मोजल्याशिवाय, कोणी झोपू नये. दहा रुपयांचा फरक निघाला तर तो स्वतःच्या खिशातून भरून मिटवायचा नाही, शोधायचा. दुकानात फरक निघाला तर नुकसान घरचे असते. सार्वजनिक पैशातील फरक मात्र ज्याचा कोणीच धनी दिसत नाही अशा माणसाच्या खिशातून जातो. भावी अधिकाऱ्याच्या अंगी हा भेद मुरला पाहिजे.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने त्या गावच्या एका प्रश्नावर दोन पानी टिपणी लिहावी. वस्तुस्थिती काय, नियम काय सांगतो, खर्च किती, शिफारस कोणती. सरकारी फाइल अशीच चालते. लेखी परीक्षेलाही हीच सवय उपयोगी पडते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे.

आहाराचा प्रश्न जैन घरांत पहिल्यांदा विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण ही वेळ शिबिराला सोयीचीच असते. उजेडात स्वयंपाक, उजेडात भांडी, रात्र चर्चेला मोकळी. कंदमुळांविना भाजी-भाकरी सर्वांना चालते. मात्र पुढे पुराच्या रात्री मदत केंद्रावर उभे राहावे लागेल, तेव्हा आपले नियम पाळूनही काम कसे करायचे, इतरांवर त्याचा भार न टाकता स्वतःची शिदोरी कशी सांभाळायची, याचा सराव घराबाहेरच होतो. मुलामुलींनी तो वेळीच केलेला बरा.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते. महिला अध्यापिका सोबत असणे, निवासाची व स्वच्छतागृहांची स्वतंत्र सोय असणे आणि पालकांनी ती जागा आधी पाहिलेली असणे, या अटी त्यांनी जरूर घालाव्यात. पण ‘मुलगी चार रात्री बाहेर कशी राहणार’ असा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घराने तिला तहसीलदार किंवा पोलीस उपअधीक्षक करण्याचे स्वप्न पाहण्यापूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर ठरवले पाहिजे. दंगलीचा किंवा आगीचा निरोप दिवसाउजेडीच येतो असे नाही.

सुरक्षेत तडजोड नको. पालकांचे लेखी संमतिपत्र, आजार व औषधांची नोंद, ग्रामपंचायतीची परवानगी, पोलीस ठाण्याला पूर्वसूचना, प्रथमोपचार पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरील लस आहे की नाही याची आधीच चौकशी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते याची माहिती, हे सारे लेखी असावे. सहस्रकुंडासारख्या ठिकाणी आणि कोणत्याही धरणात वा नदीत पाण्यात उतरण्यास पूर्ण बंदी असावी. पावसाळा आणि मराठवाड्याचा कडक उन्हाळा टाळून दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ निवडावा. साहस म्हणजे बेफिकिरी नव्हे, हेही अशा शिबिरात शिकायचेच असते.

‘नाही’ हेही उत्तर असते

शिबिराला गेल्याने परीक्षेत गुण वाढतातच, असे वचन कोणी देऊ नये. दिले तर तो व्यापार समजावा. मुलाखतीला २७५ गुण असतात आणि तिथे स्वतःच्या जिल्ह्याविषयी प्रश्न हमखास विचारले जातात, तेव्हा पाहिलेले माणसाला सावरते, एवढे मात्र खरे. महागड्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ सहली आणि दोरावरून घसरण्याचे खेळ यांची इथे गरज नाही. शाळेची खोली, सतरंज्या, किराणा आणि एसटीचे भाडे, एवढ्यात हे शिबिर होते. गावातील व्यापारी संघटनेने किंवा एखाद्या ट्रस्टने शिष्यवृत्तीसोबत अशा एका शिबिराचा खर्च उचलला, तर शिकवणीच्या शुल्कापुढे तो फारच किरकोळ ठरेल.

अशा शिबिराहून परतलेल्या चोवीस जणांपैकी काहींचा निश्चय पक्का होईल. वस्तीवरच्या आजीचे रेशनकार्ड आठवून ते अधिक नेटाने अभ्यासाला बसतील. काहींना उमगेल की आपल्याला पद हवे होते, काम नको होते. तो विद्यार्थी घरी येऊन ‘हे माझे क्षेत्र नाही’ असे सांगेल, तेव्हा पालकांनी वाईट वाटून घेऊ नये. स्थळपाहणीनंतर नाकारलेले कर्जप्रकरण बँकेचा तोटा करीत नाही, उलट बुडणारी रक्कम वाचवते. तो मुलगा बाविसाव्या वर्षी पेढीवर, सनदी लेखापालाच्या अभ्यासाकडे किंवा शेतीमाल प्रक्रियेच्या उद्योगाकडे वळेल, आणि गावचा टँकर, गावची शाळा, गावची ग्रामसभा यांची समज घेऊन वळेल. ज्या बाजारपेठेत तो बसणार आहे तिलाही अशा माणसाची गरज आहे.

येत्या हिवाळ्यात महाविद्यालयांची विशेष शिबिरे ठरू लागतील. शिकवणीचा पुढचा हप्ता भरण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयात जाऊन एवढेच विचारावे की यंदाचे शिबिर कोणत्या गावी आहे, तिथे मुले नेमके काय करणार आहेत, आणि सोबत कोण आहे. उत्तर समाधानकारक असेल, तर बिछाना बांधून द्यावा.